काडीबाईंची झडती

कोणाच्याही अंगाला हात लावण्यापूर्वी काडीबाई स्वतःची झडती देत. सकाळचा पहिला भोंगा झाला की कापसाच्या जिनाच्या फाटकाआत, बांबूच्या तट्ट्यांच्या आडोशाला, त्या दोन्ही हात वर करून उभ्या राहत आणि रांगेतल्या पहिल्या बाईला म्हणत, "घे, पाय मले." पहिली बाई रोज वेगळी असे. कोणी लाजे, कोणी हसे, कोणी कमरेला हात लावल्यासारखे करून मोकळी होऊ पाही. ते त्यांना चालत नसे. "नीट पाय. गाठ सोडून पाय. मी तुही अशीच पायनार हाय." त्यांची गाठ सोडून पाहिली गेली म्हणजे मग रांग पुढे सरके.

अकोल्याला स्टेशनापलीकडच्या एका जिनिंग-प्रेसिंग कारखान्यात त्या फाटकावर कामाला होत्या. दिवाळीनंतर आवारात कापसाच्या गंज्या घरांपेक्षा उंच होत. आत रेचा म्हणतात त्या यंत्रांवर कापसातली सरकी निघे, पलीकडे उरलेल्या रुईच्या गाठी बांधल्या जात, आणि हवेत तंतू इतके असत की दुपारच्या उन्हाची तिरीप पांढरी दिसे. अशा ठिकाणी एक काडी पेटली तर काय होते, हे अकोल्यात कोणाला सांगावे लागत नव्हते. म्हणून काडीपेटी, बिडी, चिलीम आत न्यायची नाही असा नियम होता. पुरुषांची झडती चौकीदार घेई, बायांची काडीबाई. बायांच्या कमरेच्या गाठीत काडीपेटी हटकून असे, कारण सुटी झाल्यावर घरी जाऊन चूल पेटवायची असे. काही जणी बिडीही ओढत. काडीबाई ती पेटी काढून कोनाड्यात ठेवत आणि संध्याकाळी जिची तिला देत. नाव त्यावरून पडले. खरे नाव यशोदा, हे मला पुष्कळ उशिरा कळले.

त्या विधवा होत्या. नवरा प्रेसवर हमाल होता. छप्पन साली दोघे नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आले, आणि पुढच्याच वर्षी तो गेला. एक मुलगी अमरावतीला वसतिगृहात राहून शिक्षिकेचे शिक्षण घेत होती. फाटकावरची नोकरी म्हणजे त्या मुलीचे शिक्षण, एवढा त्यांचा हिशेब साधा होता.

मी तेव्हा अमरावतीच्या एका दैनिकाचा अकोल्याचा बातमीदार होतो. जठारपेठेत खोली, आणि रोज कापसाचा भाव व जिनांची खबर पाठवणे हे काम. पहिल्या दिवशी फाटकावर चौकीदार जागेवर नव्हता. काडीबाई तट्ट्याबाहेर आल्या आणि दोन हात लांब उभ्या राहून म्हणाल्या, "भाऊ, तुमी बिडी पेता का सिगरेट?" मी सिगरेट म्हणालो. "मंग काडीपेटी इथी ठेवा." मी म्हणालो, मी बातमीदार आहे, ऑफिसात मॅनेजरांकडे जायचे आहे. त्या म्हणाल्या, "असान. पेपरवाल्याची काडी का ओली असते?" मी पेटी ठेवली.

त्यांचा दुसरा नेम लक्षात यायला मला काही महिने लागले. झडतीत काडीशिवाय जे दिसे, ते त्यांना दिसलेले नसे. एकदा एका गरोदर सुनेच्या गाठीत अर्धी भाकर आणि गुळाचा खडा निघाला. घरातून चोरून आणलेला, आणि सासू रांगेत तिच्या मागेच उभी. काडीबाईंनी गाठ पुन्हा बांधून दिली. चौकीदार उत्तरेकडचा होता, त्याने बाहेरून विचारले, "क्या निकला, बाई?"

"काडी नाई निघाली."

"अरे, पर कुछ तो निकला."

"तुले काडीशी काम हाय का कुछशी?"

रांग हसली. सासूने सुनेकडे पाहिले, पण विचारायला काही उरले नव्हते.

बायांमध्ये एक पाटलीण होती. दीर-जावांनी वाटणीत बाहेर काढलेली, मोठ्या घरची बाई. पहिल्या दिवशी ती रांगेत आली आणि काडीबाईंना पाहून दोन पावले मागे झाली. "तुह्या हातानं नाई," ती म्हणाली. "दुरून पाय." दीक्षा घेऊन काही वर्षे झाली होती, तरी हे शब्द तिथल्या कोणालाच नवे नव्हते. काडीबाई रागावल्या नाहीत. "दुरून लुगडं दिसते," त्या म्हणाल्या, "काडी नाई दिसत." आणि त्या दिवसाची झडती एकदा देऊन झालेली असताना त्यांनी पुन्हा हात वर केले. "तू पाय मले पहिले." आता पाटलिणीपुढे दोनच वाटा होत्या, हात लावणे किंवा घरी जाणे. मागून कोणीतरी म्हणाले, "आटप वं माय, भोंगा होऊन रायला." पाटलिणीने हात लावला. मग काडीबाईंनी तिची गाठ पाहिली आणि ती आत गेली.

घरी जाऊन तिने डोक्यावरून आंघोळ केली, ही बातमी दुसऱ्या दिवशी फाटकावर आली. काडीबाई म्हणाल्या, "करू द्या. दिवसभर कापसाच्या धुळीत राहून आंघोळ तं करावीच लागते. मीबी केली." पाटलीण त्या हंगामात रोज येत राहिली. आठ-पंधरा दिवसांनी ती रांगेत पहिली आली आणि काडीबाईंची झडती तिने घेतली, असे बायांनी मला सांगितले. मन लावून घेतली म्हणे.

त्याच हंगामात शेजारच्या जिनात आग लागली. भरदुपारी एक गंजी पेटली, वाऱ्याने दुसरी धरली. माणूस दगावले नाही. कारण कधीच निश्चित झाले नाही. कोणी बिडी म्हणे, कोणी म्हणे कापसातून आलेला खिळा रेच्यात घासून ठिणगी पडली. मी दोन्ही शक्यता लिहिल्या. जळक्या कापसाचा वास शहरात कितीतरी दिवस राहिला, आणि त्यासोबत भीतीही.

दुसऱ्या दिवसापासून काडीबाईंनी झडती कडक केली. अंबाडे सोडून पाहू लागल्या, डबे उघडून पाहू लागल्या. बाया कुरकुरल्या नाहीत. चौकीदाराला त्यांनी बजावले की मुनीम, दलाल, मॅनेजर, कोणीही काडी घेऊन आत जाता कामा नये; आग काही हजेरी घेऊन लागत नाही. मॅनेजरांनी आपला सिगरेट पेटवायचा लाइटर मुकाट्याने फाटकावर ठेवला. हे नोंदवायला हवे, कारण पुढे जे झाले त्यावरून काडीबाई झडतीच्या विरुद्ध होत्या असे काहींनी सांगितले. तसे नव्हते.

आठवडाभराने मॅनेजरांनी नवा हुकूम काढला. आता बायांची झडती बाहेर जातानाही होणार. लुगड्याचे सोगे सोडून पाहायचे. आणि काडीबाईंनी कोणाला पाठीशी घालू नये म्हणून चौकीदार तट्ट्याच्या आत उभा राहणार. तो पाठमोरा उभा राहील, असे हुकमात होते. मॅनेजर शिकलेले, मृदू बोलणारे गृहस्थ होते. मला म्हणाले, "हे दिवस कसे आहेत ते तुम्ही पाहताच. सगळ्यांच्या सुरक्षिततेसाठी थोडी गैरसोय सोसावी लागते. आणि ज्याच्याजवळ लपवण्यासारखे काही नाही, त्याने झडतीला का भ्यावे?"

काडीबाई दाराशी उभ्या होत्या. त्यांनी विचारले, "साहेब, आग आत येताना येते, का बाहेर जाताना?"

"बाहेर जाताना रुई जाते, बाई."

"मंग तसं सांगा नं. रुईले आगीचं नाव काहून देता?"

मॅनेजर म्हणाले, हुकूम झाला आहे.

त्या शनिवारी मी अमरावतीला कचेरीत गेलो आणि संपादकांपुढे विषय काढला. संपादक स्वातंत्र्याच्या चळवळीत तुरुंगात जाऊन आलेले होते. झडती म्हणजे काय ते त्यांना ठाऊक होते. तरी ते म्हणाले, "शेजारचे जिन जळाले आहे. उद्या हे जळाले आणि आत बाया सापडल्या, तर तुमची ही बातमी कोण वाचेल? जीव मोठा की अब्रू, हे आधी ठरवा." बातमी छापली नाही. प्रश्न मात्र खोटा नव्हता. अकोल्याला परतल्यावर मी तो काडीबाईंना जसाच्या तसा विचारला.

त्या म्हणाल्या, "जीव बायीचाच हाय नं, भाऊ? का लुगडं सोडल्यावर तो येगळा होते?" आणि पुढे, "काडीसाठी मी तिची गाठ सोडते. तीबी सोडू देते. तिले माहीत हाय, ह्या गंजीखाली तीच बसनार हाय. रुई तिच्या जिवाची नाई. तिथं तिनं काहून सोडू द्यावं?"

हुकूम लागू व्हायच्या आदल्या दिवशी पाच-सहा बाया त्यांच्याकडे आल्या. पाटलीण बोलली. "तू नाई म्हनशीन, तं ते दुसरी आनतीन. ते कशी असन कोनाले मालूम? तुह्या हातची बरी, मावशी. तूच घे." हे म्हणणे बिनबुडाचे नव्हते. नोकरी गेली तर मुलीला वसतिगृहातून परत आणावे लागले असते. म्हणजे हो म्हणण्यात बायांचे हित होते आणि काडीबाईंचेही. मी तिथे होतो. मला वाटले, त्या हो म्हणतील.

"माह्या हातची बरी वाटते, तेच वाईट हाय," त्या म्हणाल्या. "दुसरीनं घेतली तं तुमी बोंबलसान. मी घेतली तं सवय होईन."

दुसऱ्या दिवशी सकाळची झडती त्यांनी नेहमीप्रमाणे घेतली आणि दुपारी मॅनेजरांना सांगितले की संध्याकाळची घेणार नाही. मॅनेजरांनी त्यांना कामावरून काढले. आवाज चढवला नाही, आणि कारण विचारण्यापुरतेही थांबवले नाही. संध्याकाळसाठी बाजारातून एक बाई आणवली.

सुटीच्या भोंग्याच्या सुमारास मी भाव विचारायला फाटकावर गेलो. काडीबाई बाहेर दगडावर बसल्या होत्या. काम नसले तरी घरी जायची वाट आणि सोबत तीच होती. आत भोंगा झाला. पुरुष बाहेर पडले. बाया फाटकापर्यंत आल्या, तट्ट्यात त्या नव्या बाईशेजारी पाठमोरा उभा असलेला चौकीदार त्यांनी पाहिला, आणि आधी पाटलीण, मग तिच्या मागची, अशा सगळ्या जणी खाली बसल्या.

"काय झालं?" मॅनेजर ऑफिसातून आले.

"काई नाई झालं," पाटलीण म्हणाली. "तुमचा मानूस तट्ट्यातून निघला का आमीबी निघतो."

"तो पाठ करून उभा आहे."

"आमीबी पाठ करून बसलो हावो, साहेब."

खरेच त्यांनी फाटकाकडे पाठ केली होती. मॅनेजर म्हणाले, बसा. पण त्यांच्याच कारखान्याचा नियम होता की सुटीनंतर आवारात माणूस ठेवायचे नाही आणि गंज्यांजवळ दिवा न्यायचा नाही. ऊन उतरले. बाया गंज्यांच्या अगदी कडेला बसल्या होत्या. अंधारात त्यांना तिथे ठेवणे म्हणजे दिवा आणणे, किंवा दिव्याशिवाय इतक्या माणसांना कापसात सोडून देणे. आगीच्या नावाने काढलेला हुकूम आगीच्याच नियमापाशी येऊन अडला. हे बायांनी आधी ठरवले होते की बसल्यावर त्यांच्या लक्षात आले, हे मी नंतर पुष्कळदा विचारले. प्रत्येकीने वेगळे सांगितले.

मॅनेजर फाटकाबाहेर आले. "बाई, त्यांना समजाव."

"मी तं कामावर नाई, साहेब."

"तुझे ऐकतील म्हणून म्हणतो."

काडीबाई उठल्या, पण बायांशी बोलण्याआधी मॅनेजरांशीच बोलल्या. "रुई जाते, हे खोटं नाई. दोघी-तिघी हायेत." मॅनेजर लगेच म्हणाले, "नावे सांग." "काडी निघाली असती तं नाव सांगतलं असतं," त्या म्हणाल्या. "पन आयका. ह्या बाया रोज घरी जायाआधी हिरीवर एकमेकीचे पदर झटकतात."

ते खरे होते. दिवसभराने बायांच्या केसांवर, पदरावर, निऱ्यांवर तंतूंचा इतका थर बसे की विशीतली पोरही म्हातारी दिसे. फाटकाबाहेरच्या विहिरीवर त्या दोघी-दोघींनी एकमेकींना झटकून काढत, आणि दिवसाचे बोलणे, हसणे, भांडणे तिथे होई. काडीबाईंचे म्हणणे असे की हीच झटकणी फाटकाआत तरट अंथरून उघड्यावर व्हावी. पदर, निऱ्या, ओटी, सगळे बायांनी स्वतः झटकायचे, नाहीतर सोबतिणीने. जे पडेल ते कारखान्याचे. कोणाचे काय पडले ते कोणी पाहायचे नाही. कारखान्याच्या माणसाचा हात लागायचा नाही, आणि चौकीदार बाहेर.

मॅनेजरांनी अंधारत चाललेल्या गंज्यांकडे पाहिले. मग त्यांनी चौकीदाराला तट्ट्याबाहेर बोलावले. "तात्पुरते," ते म्हणाले. बायांनी तरटावर पदर झटकले. तरटावर पांढरे पडले. त्यात दोन-तीन गोळे तंतूंपेक्षा मोठे होते. पाहायचे नाही असे ठरले होते, आणि मॅनेजरांसह सगळ्यांनी ते पाळले.

तात्पुरती व्यवस्था मी अकोल्यात असेपर्यंत चालू होती. रुई जायची थांबली का, मला सांगता येणार नाही. कोणी मोजली नाही. काडीबाई दुसऱ्या दिवशी सकाळी फाटकावर होत्या. त्यांना परत घेतल्याचे त्यांना कोणी कळवले नव्हते. त्या आल्या आणि कोणी अडवले नाही. त्यांची मुलगी शिक्षण पुरे करून पुढे अमरावतीलाच एका शाळेत लागली.

नंतरच्या आयुष्यात मला विमानाने पुष्कळ फिरावे लागले. विमाने पळवली जाऊ लागली, त्यांत स्फोटके सापडू लागली, आणि विमानतळांवर रांगा लागल्या. पट्टा काढा, जोडे काढा, हात वर करा. त्याविरुद्ध माझी तक्रार नाही. विमान हीसुद्धा एक गंजीच आहे, आणि तिच्याखाली मीच बसणार असतो. पण रांगेत उभा असताना मी पाहत असतो की मोठ्या माणसासाठी बाजूचे दार उघडते का, आणि स्फोटकासाठी उघडलेल्या पिशवीतले पुस्तक कोणी चाळून पाहते का. दोन्ही घडताना मी पाहिले आहे. माझ्यासोबतच्या सुशिक्षित प्रवाशांना त्यात वावगे दिसत नाही. ते म्हणतात, आपल्याजवळ लपवण्यासारखे काय आहे?

काडीबाईंची आणि माझी शेवटची भेट बडनेऱ्याला झाली. पासष्टच्या लढाईचे दिवस होते. मी तोवर अमरावतीला कचेरीत आलो होतो आणि कामासाठी मुंबईकडे निघालो होतो. त्या मुलीकडे राहून अकोल्याला परत चालल्या होत्या. केस आता तंतूंशिवायही पांढरे होते. प्लॅटफॉर्मच्या तोंडाशी सामान तपासणे चालू होते. पहाऱ्यावर एक तरुण शिपाई होता, नुकताच भरती झालेला असावा. रांगेतल्या गावकऱ्यांना तो "गाठोडं उघड", "पुढं हो" एवढेच म्हणत होता आणि काठीने आतले कपडे ढकलत होता. आमच्यामागे पांढऱ्या टोपीचे एक व्यापारी होते, हातात कातडी पेटी.

काडीबाईंची पाळी आली. "गाठोडं उघड."

"उघडते, बाबू. काय पायतं ते सांग."

"तुले काय करा लागते?"

"मलेच काढून दाखोता येईन. तुले हात घालाचं काम नाई."

शिपाई थांबला. तो उद्धट नव्हता. त्याला हे कोणी विचारले नव्हते, एवढेच. त्याने इकडेतिकडे पाहिले आणि आवाज खाली आणून म्हणाला, "सायबानं सांगतलं, पाय म्हनून. बाँब-बिंब असन."

"असं म्हन नं मंग," काडीबाई म्हणाल्या. त्या खाली बसल्या आणि गाठोडे स्वतः सोडले. लुगडे काढून झटकले, मुलीने दिलेली चादर उलगडली, भाकरीचे फडके बाजूला ठेवले, ठेच्याच्या डबीचे झाकण काढून त्याच्यापुढे धरले. "पाय. नीट पाय. लढाई चालू हाय." शिपायाने काठी काखेत घेतली आणि वाकून डोळ्यांनी पाहिले. "जा माय," तो म्हणाला.

गाडी लागत होती. त्यांनी गाठोडे बांधले, मला "येते, भाऊ" म्हणाल्या आणि बायांच्या डब्याकडे चालू लागल्या. माझी पिशवी पाहून झाली. मागचे व्यापारी न थांबता पुढे निघाले होते. आतापर्यंत त्यांच्यासारख्यांना कोणी थांबवले नव्हते. शिपाई आडवा झाला.

"शेठजी," तो म्हणाला, "बाँब-बिंब पाहून राहिलो. पेटी उघडून दाखवा."

व्यापाऱ्यांनी त्याच्याकडे पाहिले, मग रांगेकडे पाहिले, आणि पेटी खाली ठेवून कुलूप काढले. त्यांच्या मागच्या म्हाताऱ्याला शिपायाने तेच वाक्य सांगितले, मग त्याच्या मागच्या बाईला. डब्याच्या दारातून मी मागे वळून पाहिले तेव्हाही तो ते प्रत्येकाला सांगत होता, आणि रांग पहिल्यापेक्षा लवकर सरकत होती.